खुराड्यातला उजेड

१८६४ साल उजाडता उजाडता इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावरच्या एका घरात कोंबड्यांना आपलं खुराडं सोडावं लागलं. खुराडं काचा लावलेलं होतं, परसदारी होतं, आणि मालकीणबाईंना नेमका तसाच स्टुडिओ हवा होता. कोंबड्या मोकळ्या सोडून दिल्या, त्या कुणाच्या ताटात गेल्या नसाव्यात, अशी आशा बाईंनी पुढे दहा वर्षांनी आठवणी लिहिताना व्यक्त केली आहे. ताजी अंडी विकून मुलांना चार पैसे मिळायचे, तेही बंद झाले. शेजारच्या कोळशाच्या कोठीतले कोळसे हलवले गेले आणि तिची अंधारखोली झाली.

या बाईंचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमरन. वय ४८. सहा मुलांची आई, मोठी मुलगी लग्न होऊन संसाराला लागलेली. आज छायाचित्रकलेच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक त्यांच्या नावावाचून पुरं होत नाही. पण १८६३ च्या नाताळापर्यंत त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता. म्हणजे ही गोष्ट एका हौशी बाईची आहे, आणि तिचा सगळ्यात रंगतदार भाग जेमतेम एका वर्षात घडतो. त्या वर्षात कॅमरनबाई समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड कसा पाडायचा ते शिकल्या. त्याहून नेमकं सांगायचं तर उजेड कुठून अडवायचा, ते शिकल्या.

त्या मूळच्या कलकत्त्याच्या. जन्म १८१५ चा, वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच वंशाची. नवरा चार्ल्स कॅमरन वीस वर्षांनी मोठा, पेशाने कायदेपंडित. मेकॉलेच्या ज्या विधी आयोगाने भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा केला, त्या आयोगात हे गृहस्थ होते. चारशेवीस किंवा तीनशेदोन हे आकडे आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी बसले, ते ज्या संहितेमुळे, तिच्याशी या घराचा असा संबंध. निवृत्त झाल्यावर कुटुंब इंग्लंडला परतलं आणि १८६० मध्ये आइल ऑफ वाइटवरच्या फ्रेशवॉटर गावी, कवी टेनिसनच्या शेजारी राहायला आलं. सिलोनमध्ये त्यांचे कॉफीचे मळे होते. त्यातल्याच एकाचं नाव घराला दिलं, डिंबोला.

१८६३ च्या डिसेंबरात नवरा मळ्यांची कामं बघायला सिलोनला गेलेला. मुलं आपापल्या ठिकाणी. बाई घरात एकट्या. आईचा वेळ जावा म्हणून मुलगी-जावयाने कॅमेरा भेट दिला. ही हकिगत नेहमी अशी सांगितली जाते, की पेटी उघडली आणि एक अडाणी गृहिणी एका झेपेत कलावंत झाली. ते काही खरं नाही. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल हे बाईंचे जुने स्नेही. दोघांची पहिली भेट १८३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, केपला झाली होती. फोटो पक्का करायला लागणाऱ्या हायपोचा गुण हर्शेल यांनीच शोधलेला, आणि छायाचित्रणाचे अगदी सुरुवातीचे नमुने त्यांनी बाईंना कलकत्त्याला धाडले होते. शिवाय ऑस्कर रेजलँडर हा त्या काळचा नावाजलेला फोटोग्राफर फ्रेशवॉटरला येऊन गेला होता. त्याचं काम बाईंनी जवळून पाहिलं होतं. छाप काढणं, अल्बम लावणं हेही त्यांच्या हातचं होतं. नव्हती ती एकच गोष्ट. भिंगामागे उभं राहून समोरच्या चेहऱ्यावरच्या उजेडाचा निर्णय त्यांनी स्वतः कधी घेतला नव्हता.

त्या वेळच्या फोटोची रीत आज कुणाला सांगितली तर थट्टा वाटेल. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही ओल्या काचेची पद्धत. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं. काच चारी कोपऱ्यांकडे अशी कलती करायची, की थर सगळीकडे सारखा बसावा. मग अंधारात तिला सिल्व्हर नायट्रेटची आंघोळ घालायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, फोटो घ्यायचा आणि पळत अंधारखोलीत जाऊन धुवायची. थर वाळला की काच कामातून गेली. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायला हवं. सिल्व्हर नायट्रेट जिथे लागेल तिथे काळा डाग पडतो आणि तो सहजासहजी जात नाही. बाईंची बोटं काळी, कपडे काळे. ओल्या काचा नवऱ्याला दाखवायला त्या जेवणाच्या खोलीत धावत जायच्या, तेव्हा टेबलावरच्या चादरींची जी दशा व्हायची ती पाहून दुसऱ्या कुठल्याही घराने आपल्याला हाकलून दिलं असतं, असं त्यांनीच कबूल केलं आहे. छापायचा कागदही अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात दिलेला असायचा. कोंबड्यांना घालवलं तरी अंड्यांशी संबंध काही सुटला नाही.

पहिला मानकरी होता फ्रेशवॉटरचा एक शेतकरी. बसण्याबद्दल त्याला तासाला अर्धा क्राऊन मोजायचा. पुष्कळ तास आणि पुष्कळ अर्धे क्राऊन खर्ची पडल्यावर एक काच मनासारखी उमटली. ती वाळवायला ऐटीत हातात धरली असतानाच थरावर बाईंचा हात घासला गेला आणि शेतकरी पुसला गेला. पुढे एकदा दोन मुलांना एकत्र बसवलं. ऐन वेळी एकाला हसू फुटलं. ती काचही गेली.

मग आली अॅनी फिलपॉट. गावात उतरलेल्या एका कुटुंबातली लहान मुलगी. या खेपेला बाईंनी एकटीलाच बसवलं आणि तिच्या मनाला हात घातला. तू हललीस तर बिचाऱ्या मिसेस कॅमरनची औषधं आणि मेहनत फुकट जाईल, असं सांगितलं. पोर हलली नाही. तारीख होती २९ जानेवारी १८६४, शुक्रवार, दुपारचा एक. त्याच दिवशी रात्री आठपर्यंत फोटो छापून, टोन करून, पक्का करून, चौकटीत बसवून तो मुलीच्या वडिलांच्या हाती पोचला. आपलं पहिलं यश असं बाईंनी त्यावर नोंदवलं. आनंदाच्या भरात त्या घरभर हिंडून त्या मुलीला द्यायला भेटवस्तू शोधत होत्या, जणू फोटो तिनेच काढला होता.

‘अॅनी’ आज नीट पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. एक, मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नाही. मान किंचित वळलेली, केस जरा विस्कटलेले, अंगात बटणांचा कोट, आणि तिच्या चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेला भाव कुठेच नाही. दोन, उजेड मऊ आहे, चांगला आहे, पण त्याची करामत नाही. जानेवारीत इंग्लंडच्या आभाळाने जो दिला तो घेतला. पुढच्या महिन्यांत जे बदललं ते हे.

बदल कळायला त्या काळचा बाजारचा फोटो डोळ्यांसमोर आणावा लागतो. पॅरिसच्या डिस्देरी याने १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिजित’चं पेटंट घेतलं आणि पुढच्या दहा वर्षांत या चिमुकल्या फोटोंनी युरोपात धुमाकूळ घातला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तळहातात मावेल एवढा फोटो. त्यात माणूस डोक्यापासून बुटापर्यंत उभा, शेजारी खोटा खांब, मागे रंगवलेली बाग. चेहरा जेमतेम नखाएवढा. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी पकड. स्टुडिओचं छप्पर काचेचं. वरून, समोरून, बाजूने असा चौफेर उजेड येई आणि सावल्या जवळजवळ उरतच नसत. धंद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. भरपूर उजेड म्हणजे कमी वेळ, कमी वेळ म्हणजे दिवसाला जास्त गिऱ्हाइकं. शिवाय नखाएवढ्या चेहऱ्यावर सावली पाडली तर ती सावली दिसत नाही, डाग दिसतो. पण चौफेर उजेडात नाकाची उंची, डोळ्यांच्या खोबणी, गालाचा उतार काही कळत नाही. चेहरा पोळपाटासारखा सपाट.

कॅमरनबाईंच्या कॅमेऱ्याची काच साधारण ११ गुणिले ९ इंच. तेव्हा फोटो मोठा करून छापायची आजच्यासारखी सोय नव्हती. काच कागदाला चिकटवून उन्हात ठेवायची. जेवढी काच तेवढा फोटो. एवढ्या जागेत त्यांनी नुसतं डोकं आणि खांदे बसवायला सुरुवात केली. चेहरा एकदम वीतभर झाला की उजेडाचा प्रश्न टाळता येत नाही. गालावरची सावली आता डाग राहत नाही, तीच चेहऱ्याची घडण सांगते.

खुराड्याचीही तीच अडचण होती. काचा भरपूर, म्हणजे उजेड चारी बाजूंनी. बाईंनी पडदे लावले. कुठल्या काचा झाकायच्या आणि कुठल्या उघड्या ठेवायच्या, यावर सगळा खेळ. वरचा उजेड तोडला की कपाळाची आणि नाकाची चमक जाते आणि डोळ्यांखालची काळी खोबण निघून जाते. एका बाजूच्या काचा झाकल्या की चेहऱ्याची ती बाजू अंधारात सरकते आणि दुसरी पुढे येते. उघडा राहिलेला काचेचा भाग माणसाच्या जवळ आणि मोठा असेल, तर उजेडाची कड मऊ पडते, गालावरून सावलीत उतरताना तो हळूहळू मावळतो. माणूस त्या काचेपासून लांब नेला, की उजेड देणारी जागा त्याच्या मानाने लहान होते आणि सावलीची कड करकरीत होते. आज कुठल्याही फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात ते हेच. बाईंना शिकवायला कुणी नव्हतं. पाठीमागे गडद कापड, अंगावरचे रोजचे कपडे लपवायला शाल किंवा झगा, म्हणजे उजेडाला पडायला चेहरा आणि फार तर हात एवढंच उरायचं.

आपल्याकडचा हौशी फोटोग्राफरही खिडकीशी कुणाला बसवतो तेव्हा पहिल्यांदा पांढऱ्या थर्माकोलचा तक्ता शोधतो. सावलीच्या बाजूला उजेड परतवायचा म्हणून. काळं कापड शोधायची बुद्धी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी होते. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत खिडकीचा उजेड चारी भिंतींवर आपटून परत येतो आणि सावली भरून टाकतो. ती टिकवायची तर भिंतीच्या बाजूला काळी चादर टांगावी लागते. घरातले विचारतात, उजेडासाठी एवढा आटापिटा आणि वर काळी चादर कशाला? डिंबोलामध्येही नोकरमाणसं हेच पुटपुटत असतील.

पडद्यांची किंमत मात्र समोरच्याला मोजावी लागायची, मिनिटांत. उजेड निम्मा केला की वेळ दुप्पट लागतो. आधीच ओली काच मंद, वर पडदे. त्यामुळे माणसाला मिनिटामागून मिनिटं पापणीसुद्धा जपून हलवत बसावं लागे. एका बाईने पुढे लिहिलेली आठवण मोठी बहारदार आहे. तिच्या डोक्यावर मुकुट चढवून तिला राणी झेनोबिया केलं होतं. पहिल्या मिनिटाला तिला किंचाळावंसं वाटलं, दुसऱ्याला डोळे बाहेर येतीलसं झालं, तिसऱ्याला मान लुळी पडली, चौथ्याला ढगळ मुकुट कपाळावर घसरू लागला. पाचव्या मिनिटाला म्हातारे मिस्टर कॅमरन खो खो हसू लागले आणि सगळंच ओंफस झालं. बाईंच्या फोटोंमधल्या बायका एवढ्या विचारमग्न आणि म्हातारे एवढे धीरगंभीर का दिसतात, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे. हसू चार मिनिटं टिकत नाही. गांभीर्य टिकतं.

उजेड नुसता किती पडतो यावरच भागत नव्हतं, तो काचेला कसा दिसतो हाही भाग होता. ओल्या काचेला फक्त निळा-जांभळा उजेड कळतो. लाल आणि पिवळा तिच्या लेखी जवळजवळ अंधार. म्हणून निळे डोळे फोटोत फिकट, पाण्यासारखे दिसतात आणि उन्हावाऱ्याने रापलेली लालसर त्वचा प्रत्यक्षाहून काळी उमटते. गोऱ्या माणसाच्या गालावरचे तांबूस ठिपके शाईचे शिंतोडे वाटतात. आता या काचेसमोर एखादा सुरकुतलेला म्हातारा बसवा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. प्रत्येक सुरकुती कोरून निघते. त्याच उजेडात एखादी तरुण मुलगी बसवली तर मात्र चेहऱ्यावर नको ते डाग येतात. बाईंना हे कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं, पण वर्ष सरताना त्यांचे दोन हात दोन तऱ्हांनी चालायला लागलेले दिसतात. पुरुषांच्या डोक्यांना बाजूचा, जरा वरून येणारा, करडा उजेड. मुलींना आणि मेरीमातेच्या वेशात बसवलेल्या बायकांना रुंद, पसरट, सावली फिकी ठेवणारा.

पुरुषांमध्ये सगळ्यात सोशिक मॉडेल होते सर हेन्री टेलर, कवी आणि सरकारी अधिकारी. लांब पांढरी दाढी. बाईंनी १८६४ मध्ये त्यांना पुन्हा पुन्हा बसवलं. गडद कपडे, गडद पडदा, आणि उजेड फक्त कपाळावर आणि दाढीवर. पांढरी दाढी स्वतःच खालून चेहऱ्यावर थोडा उजेड परतवते, तेवढाच सावलीच्या बाजूला पुरतो. या फोटोंमध्ये ‘अॅनी’चा साधेपणा राहिलेला नाही. उजेड आता ठरवून आलेला आहे.

त्याच वर्षीचा दुसरा फोटो अगदी वेगळ्या चालीचा. अभिनेत्री एलन टेरी, वय सोळा-सतरा, चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्सशी नुकतंच लग्न झालेलं. वॉट्स तिच्याहून कितीतरी मोठा. फोटोत ती नक्षीदार कागद लावलेल्या भिंतीला डोकं टेकून उभी आहे, डोळे मिटल्यासारखे, हात गळ्यातल्या माळेत अडकलेला. हा फोटो टेनिसनच्या घरातल्या न्हाणीघरात काढला, असं सांगतात. ते खरं असेल तर मोठं बोलकं आहे. पडदे, खुराडं, सगळी तयारी मागे ठेवून बाई परक्या घरात गेल्या आणि तिथे मिळाला त्या खिडकीच्या उजेडाला त्यांनी वळण लावलं. फोटोला नाव दिलं ‘सॅडनेस’. ते लग्न वर्षभरही टिकलं नाही.

बाईंवर टीका झाली ती उजेडाबद्दल क्वचित, फोकसबद्दल फार. दोन्हींचा संबंध आहे. त्यांचं भिंग फ्रेंच, जामँ कंपनीचं, तोंड मोठं. उजेड भरपूर घेई पण स्वच्छ दिसणारी खोली अगदी थोडी. डोळ्याची पापणी स्पष्ट तर कान धूसर. त्यात समोरचा माणूस मिनिटामिनिटाला सूतभर हलणार. पहिली धूसरता चुकून आली. पुढे भिंग फिरवत फिरवत काचेवरचं चित्र डोळ्यांना सुंदर वाटलं तिथेच त्या थांबू लागल्या, आणखी कातीव करायच्या फंदात पडल्या नाहीत. पडद्यांमुळे सावलीत मावळणारा उजेड आणि फोकसमध्ये मावळणारा चेहरा यांची सांगड बसली ती अशी.

१८६४ च्या उन्हाळ्यात लुईस कॅरल फ्रेशवॉटरला आला. ‘अॅलिस’चा लेखक म्हणून तो अजून जगाला माहीत व्हायचा होता, पण हौशी फोटोग्राफर म्हणून त्याच्या गाठीला आठ वर्षांचा अनुभव होता, आणि त्याचे फोटो काटेकोर, स्वच्छ. एका संध्याकाळी दोघांनी आपापले फोटो एकमेकांना दाखवले. त्याने बहिणीला कळवलेला वृत्तांत तिखट आहे. बाईंचे काही फोटो देखणे, काही चक्क भयानक, आणि बाई मात्र सगळ्यांबद्दल महान कला असल्यासारख्या बोलतात. तुमची मॉडेलं मला धूसर काढायला मिळाली असती तर, असं त्या म्हणाल्या. त्यानेही तुमची मला स्पष्ट काढायला मिळायला हवी होती, अशी परतफेड केली. कॅरल उद्धटपणे बोलला असेल, पण पुरा चुकीचा नव्हता. बाईंच्या काचांवर ओघळ आहेत, भेगा आहेत, बोटांचे ठसे आहेत, कुठे थर सोललेला आहे. हे सगळंच मुद्दाम केलं म्हणून डोक्यावर घेणारे आजचे भक्त जरा अतीच करतात.

त्याच वर्षी बाई लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, तिच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले, फोटोंच्या हक्कांची नोंदणी त्यांनी सुरू केली आणि कोलनागी या लंडनच्या चित्रविक्रेत्याकडे त्यांचे फोटो विक्रीला आले. आजचा कुणी हौशी वर्षभरात इतकं करेल तर लोक त्याला आगाऊ म्हणतील. बाईंनाही म्हणालेच. पण कॉफीचे मळे पैसे देईनासे झाले होते आणि काच, चांदी, औषधं यांचा खर्च मोठा होता. नोव्हेंबरात त्यांनी हर्शेल यांना निवडक फोटोंचा अल्बम भेट दिला, आणि ३१ डिसेंबर १८६४ रोजी त्यांनाच पत्र लिहिलं. पत्रात बाईंचा सवाल असा, की फोकस म्हणजे काय आणि अमुकच फोकस खरा हे ठरवण्याचा अधिकार कुणाला? अकरा महिन्यांपूर्वी अॅनीसाठी भेटवस्तू शोधत घरभर हिंडणारी बाई आता हर्शेलसारख्या माणसाशी कलेचा वाद घालत होती.

पुढच्या वर्षी फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकाने त्यांच्या धूसर फोटोंना झोडपलं. बाईंनी ते मनावर घेतलं नाही असं म्हणता येत नाही, पण वाटही बदलली नाही. १८६५ मध्येच हेन्री कोल या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या संचालकाने त्यांच्यासमोर बसून फोटो काढून घेतला आणि म्युझियमसाठी त्यांचे फोटो विकत घेतले. हेच आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. १८६८ मध्ये म्युझियमने त्यांना फोटो काढायला दोन खोल्याही दिल्या. दरम्यान, १८६६ मध्ये १५ गुणिले १२ इंचांच्या काचेचा मोठा कॅमेरा आला. पुढच्या वर्षी त्या हर्शेल यांच्या घरी गेल्या. म्हाताऱ्याचे पांढरे केस धुवायला लावले, म्हणजे ते पिंजारतील आणि उजेड धरतील. काळ्या पार्श्वभूमीवर केसांचं तेजोवलय आणि खोल, ओले डोळे. या खगोलशास्त्रज्ञाचा याहून प्रसिद्ध फोटो नाही.

याच काळात मुंबईत काय चाललं होतं? खरं तर मुंबई पुढेच होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, बाईंच्या हाती कॅमेरा येण्याच्या नऊ-दहा वर्षं आधी. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले उत्साही फोटोग्राफर. पण इथल्या हौशींचं लक्ष इमारती, लेणी आणि जातीजमातींच्या नोंदींकडे जास्त. विल्यम जॉन्सन याचं मुंबईच्या रहिवाशांवरचं पुस्तक १८६३ पासून निघालं. त्यात माणसांचे फोटो कापून शहरातल्या देखाव्यांवर चिकटवले आहेत. माणसावरचा उजेड एकीकडून, मागच्या देखाव्यावरचा दुसरीकडून. माहिती म्हणून ते फोटो अनमोल आहेत. चेहऱ्यावरच्या उजेडाचा विचार मात्र त्यात शोधून सापडत नाही.

बाईंच्या एका मॉडेलचा मुंबईशी जोडलेला धागा मात्र पक्का आहे. लंडनजवळच्या पटनी हीथवर आईबरोबर भीक मागणारी एक आयरिश मुलगी त्यांनी घरी आणली, शिकवली, पुढे कामाला ठेवली. मेरी रायन तिचं नाव. खुराड्यातल्या त्या मऊ, रुंद उजेडात ती पुष्कळदा बसली. कोलनागीकडच्या प्रदर्शनात तिचा फोटो पाहून हेन्री कॉटन नावाचा तरुण तिच्या प्रेमात पडला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये लागल्यावर १८६७ मध्ये त्याने तिच्याशी लग्न केलं. हे सर हेन्री कॉटन पुढे आसामचे मुख्य आयुक्त झाले आणि निवृत्तीनंतर, १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष.

१८७५ मध्ये कॅमरन दांपत्य सिलोनला कायमचं राहायला गेलं. तिथले बाईंचे फोटो मोजकेच आहेत. ओल्या काचेला लागणारी औषधं आणि स्वच्छ पाणी मिळायची मारामार, आणि खुराड्याच्या जागी व्हरांडा व झाडं. पडदे ओढून उजेड तोडायची सोयच नव्हती. १८७७ च्या जानेवारीत वनस्पतींची चित्रं काढत जगभर हिंडणारी मेरिअॅन नॉर्थ त्यांच्याकडे कालुतऱ्याला उतरली, तेव्हा बाईंनी तिलाही सोडलं नाही. फॅरनहाइटचा पारा ९६ वर, आणि नॉर्थच्या अंगावर लोकरी काश्मिरी शाल. केस मोकळे सोडायला लावलेले. मागे नारळाच्या टोकदार झावळ्या डोक्यात घुसतात की काय अशा. पानांमधून भर दुपारचं ऊन वाऱ्यासरशी डोळ्यांवर नाचतंय, आणि वर हुकूम असा, की अगदी सहज दिसा. एवढं करून काचेवर एक अगदी सामान्य, कुणाला रस वाटू नये अशी बाईच उमटली, असं नॉर्थने आपल्या आठवणींत मिस्कीलपणे नोंदवलं आहे. मग कॅमरनबाईंनी झावळ्या काढल्या, मागे फणसासारख्या फळांची आणि रुंद पानांची पार्श्वभूमी घेतली आणि तिला पुन्हा बसायला सांगितलं.